पाहुणा आणि यजमान गाव

(परिसर-अभ्यासाचा एक पाठ : इयत्ता पाचवी ते आठवी)

भाऊबीजेच्या सुमारास हलका धान घरात येऊ लागला की भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची, असे करता करता कित्येक दिवस निघून जातात. दिवसा दंडार, रात्री नाटक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठाईची व खेळण्यांची दुकाने, आणि घराघरांत पाहुणे. लेक-जावई येतात, मामा-मावश्या येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे सोयरेही येतात. याच गर्दीत कित्येक सोयरिकींची पहिली बोलणी होतात. घरात निजावयास जागा अपुरी पडली तरी पाहुण्यास परत पाठविण्याची रीत नाही. कारण आजचा पाहुणा चार दिवसांनी आपल्या गावच्या मंडईत यजमान होणार असतो. या देण्याघेण्याचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाही, तथापि तो सहसा चुकत नाही.

अलीकडे याच जिल्ह्यात आणखी एका प्रकारचा पाहुणा येऊ लागला आहे. तो मोटारीने येतो, एकदोन दिवस राहतो, वन पाहतो, छायाचित्रे घेतो, पैसे देतो आणि निघून जातो. त्याची व गावाची ओळख नसते. त्याच्या शहरी हे गाव कधी पाहुणे म्हणून जाणार नसते. त्याने द्यावयाचे ते पैशाच्या रूपाने देऊन टाकलेले असते. परंतु ते कोणास दिले, आणि ज्याचे त्याने घेतले त्यालाच ते मिळाले काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. पर्यटनाचा अभ्यास शाळेत करावयाचा तो या प्रश्नापासूनच आरंभावा. पर्यटकाने काय पाहावे हे सांगणाऱ्या पुस्तिका पुष्कळ आहेत. ज्या गावात पर्यटक उतरतो त्या गावाचे काय होते हे मात्र त्या गावच्या शाळेनेच शिकविले पाहिजे.

पाठाचे उद्देश

या पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्यांस पुढील गोष्टी साधाव्यात अशी अपेक्षा आहे.

(१) आपल्या जिल्ह्यातील पर्यटनस्थाने व त्यांच्याभोवतीची गावे नकाशावर दाखविता येणे.
(२) पर्यटनापासून गावास होणारे लाभ व सोसावे लागणारे भार वेगवेगळे मांडता येणे.
(३) पर्यटकाने खर्च केलेला पैसा कोणाकोणाच्या हाती जातो याचा हिशेब करता येणे.
(४) गावाच्या हिताचा निर्णय गावाने कसा घ्यावा याविषयी सभेत नीट बोलता येणे व दुसऱ्याचे ऐकून घेता येणे.

विषयाची ओळख : आपला जिल्हा

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके राहिले. वैनगंगा, भातशेती आणि गावोगावचे मालगुजारी तलाव ही या जिल्ह्याची ओळख होय. त्याशिवाय पाहण्याजोग्या गोष्टींची येथे वाण नाही.

पूर्वेस नागझिऱ्याचे वन आहे. सुमारे १५३ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९७० साली घोषित झाले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे ते मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले. आज त्याचा मोठा भाग गोंदिया जिल्ह्यात येतो, परंतु पिटेझरीसारखी त्याची प्रवेशद्वारे साकोली तालुक्यात आहेत. भंडारा शहरापासून जवळच असलेले कोका अभयारण्य २०१३ साली घोषित झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. दक्षिणेस पवनी तालुक्याला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे अभयारण्य २०१२ साली झाले. पवनी हे नगर स्वतःच फार प्राचीन आहे. तेथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. पवनीजवळच गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याच्या जलाशयात आता जलपर्यटन उभे करण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला व चांदपूरचे हनुमानाचे देवस्थान आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे विणकाम आणि भंडाऱ्याची पितळेची भांडी हीदेखील पाहुण्याने पाहावीत अशीच आहेत.

शिक्षकांनी ही स्थाने जिल्ह्याच्या नकाशावर भरवून घ्यावीत. परंतु तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येक स्थानाभोवती असलेली गावेही त्याच नकाशावर लिहून घ्यावीत. पर्यटकाच्या हातातील नकाशात अभयारण्य हिरवे असते आणि भोवती काहीच नसते. विद्यार्थ्याच्या नकाशात भोवतालची गावे दिसली पाहिजेत.

लाभाची बाजू

पर्यटनामुळे गावास लाभ होतो, ही गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करावी. ज्या गावात भाताच्या एका पिकानंतर हाताला काम उरत नाही आणि तरुणांना नागपूर-रायपूरची वाट धरावी लागते, तेथे वनमार्गदर्शकाचे, जिप्सीचालकाचे, स्वयंपाक्याचे किंवा फाटकावरील काम मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मार्गदर्शकाच्या कामी लागणारे ज्ञान गावच्या तरुणापाशी आधीच असते. कोणत्या पाणवठ्यावर कोणते जनावर उतरते, माकड कोणत्या आवाजाने ओरडले म्हणजे वाघ जवळ आहे असे समजावे, ऐन कोणता व धावडा कोणता, हे त्याने लहानपणी गुरांमागे फिरताना शिकलेले असते. ज्या ज्ञानाची शाळेतही फारशी विचारपूस झाली नव्हती, त्या ज्ञानाला पर्यटनामुळे मोल आले. गावाच्या आत्मविश्वासाच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व पैशाहून कमी नाही.

व्याघ्रप्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या स्थापन झालेल्या आहेत, तसेच वनाकाठच्या गावांसाठी राज्य शासनाची श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. सरपणासाठी वनात जावे लागू नये म्हणून गॅसची जोडणी देणे, गुरांची संख्या कमी करून दुभती जनावरे पाळण्यास साहाय्य करणे, अशी कामे या मार्गाने होतात. आपल्या गावात अशी समिती आहे काय, तिचे सभासद कोण, तिची सभा केव्हा होते व तिच्याकडे आलेली रक्कम कशावर खर्च झाली, हे विद्यार्थ्यांनी शोधून काढावे. हा नागरिकशास्त्राचा प्रत्यक्ष पाठ होय.

रुपयाचा प्रवास : एक गणित

पर्यटकाने खर्च केलेला सर्व पैसा गावाचा होतो, असा एक समज आढळतो. तो गणिताने तपासावा. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत, हे विद्यार्थ्यांस प्रथमच सांगावे.

समजा, एका कुटुंबाने दोन दिवसांच्या सहलीत २०,००० रुपये खर्च केले. मोटारीचे इंधन व पथकर ४,०००. रिसॉर्टमध्ये राहणे व जेवण ११,०००. वनप्रवेश, जिप्सी व मार्गदर्शक ४,०००. गावातील चहा-फराळ व खरेदी १,०००. रिसॉर्टचे मालक बाहेरगावचे आहेत. त्यांनी ११,००० पैकी १,५०० रुपये गावातील नोकरांस मजुरी दिली आणि ५०० रुपयांचे दूध, तांदूळ व भाजी गावातून घेतली. वनप्रवेशाच्या ४,००० पैकी ३,००० रुपये गावातील वाहनमालक, मार्गदर्शक व समिती यांस मिळाले. तर गावात एकूण किती राहिले?

उत्तर : १,५०० + ५०० + ३,००० + १,००० = ६,००० रुपये, म्हणजे शेकडा ३०.

आता दुसरे उदाहरण घ्यावे. तेच कुटुंब गावातील एका घरी उतरले. राहण्या-जेवणाचे त्याने ५,००० रुपये दिले व त्यांपैकी ४,५०० गावात राहिले. बाकीचा खर्च पूर्वीप्रमाणेच झाला. एकूण खर्च १४,००० रुपये. गावात राहिले ४,५०० + ३,००० + १,००० = ८,५०० रुपये, म्हणजे शेकडा सुमारे ६१.

पर्यटकाचा खर्च ६,००० रुपयांनी कमी झाला, तरी गावाची प्राप्ती २,५०० रुपयांनी वाढली. किती पाहुणे आले व त्यांनी किती खर्च केला एवढ्यावरून गावाचा लाभ ठरत नाही. पैसा कोठे थांबला यावर तो ठरतो, हे तत्त्व विद्यार्थी स्वतःच शोधून काढतील. त्यानंतर शक्य असल्यास आपल्या गावातील दुकानदार व चालक यांस विचारून खऱ्या आकड्यांनी हेच गणित पुन्हा मांडावे. घरी पाहुणे ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, आणि राज्याने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरणही स्वीकारले आहे, ही माहिती पालकसभेत द्यावी.

भाराची बाजू

पर्यटनाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला लाभ मिळतो तो एक, आणि ज्याला भार सोसावा लागतो तो दुसरा, असे पुष्कळदा घडते. याची काही उदाहरणे पाहावीत.

मार्च-एप्रिल महिन्यांत मोहफुले गळतात. ती पहाटे वेचावी लागतात. ऊन चढल्यावर जनावरे ती खाऊन टाकतात. मोहापाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. वनाकाठच्या गरीब घरांत या दोन महिन्यांची कमाई वर्षाच्या मीठ-मिरचीला पुरवावी लागते. पर्यटकांचाही तोच ऋतू, कारण उन्हाळ्यात पाणवठे आटतात व जनावरे सहज दिसतात. आणि त्यांचीही वेळ पहाटेचीच. अभयारण्यात वनोपज गोळा करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे ज्या वनात पाहुण्याची गाडी पहाटे आत जाते, त्याच वनाच्या काठावर टोपली घेतलेल्या बाईस थांबावे लागते. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी निर्बंध हवेत, हे खरे. परंतु त्या बाईला हा भेद कसा वाटत असेल, याचा विचार विद्यार्थ्याने केला पाहिजे. अनुसूचित जमाती व इतर परंपरागत वननिवासी यांचे वनावरील हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला, व त्याने या कामी ग्रामसभेला स्थान दिले, हेही येथेच सांगावे.

दुसरे उदाहरण वाघाचे. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्याच्या वनात सोडण्यात आल्या. वनाच्या दृष्टीने हे हिताचे झाले आणि वाघ वाढले म्हणजे पाहुणे वाढतील अशी आशाही निर्माण झाली. तथापि वाघ वाढल्यावर गुराख्याचा धोकाही वाढतो. जिप्सीचालक व गुराखी एकाच आळीत राहत असतील, कदाचित एकाच घरात भाऊ-भाऊ असतील. वाघ दिसला या एकाच वार्तेने एकाचा दिवस चांगला जातो व दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो.

तिसरे उदाहरण पाण्याचे. गोसीखुर्दच्या जलाशयाने अनेक गावांची घरे, शेते व देवळे पोटात घेतली आहेत. पुनर्वसित गावातील शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आजोबांचे गाव त्या पाण्याखाली असते. त्या पाण्यावर उद्या विहाराच्या नौका फिरतील, तेव्हा त्या नौकांवर काम कोणाला मिळेल, आणि ढीवर बांधवांच्या जाळ्यांसाठी कोणते पाणी मोकळे राहील, हे प्रश्न वेळीच विचारले गेले पाहिजेत. ज्यांनी जमीन दिली त्यांना पाहण्याच्या रांगेत उभे करून भागणार नाही. त्यांना कामात व मिळकतीत वाटा मिळाला तरच तो पाहुणचार न्यायाचा होईल.

याशिवाय जमिनीचा प्रश्न आहे. रस्त्यालगतची धानाची बांधी एकदा विकली की विकणाऱ्याच्या हाती रोख रक्कम येते. ती लग्नकार्यात व गाडीत संपते, आणि पूर्वीचा मालक स्वतःच्याच शेतात पहारेकरी म्हणून उभा राहतो. प्लास्टिकच्या बाटल्यांचा व पिशव्यांचा कचरा पाहुण्याबरोबर परत जात नाही. पावसाळ्यात वनाचा मुख्य भाग बंद असतो, तेव्हा पर्यटनाची रोजीही बंद होते. म्हणून शेती व गुरे सोडून सर्वस्वी पाहुण्यांवर विसंबणे हितावह नाही.

पवनीकडील लोकांस याचा अनुभव आलेला आहे. नागझिऱ्याच्या वनातून चालत येऊन ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्याच्या वनात स्थिरावला. त्याच्या दर्शनासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. नव्यानेच घोषित झालेल्या अभयारण्याचे नाव देशभर झाले. एप्रिल २०१६ नंतर तो दिसेनासा झाला. पुष्कळ शोध घेऊनही सापडला नाही. ज्याच्या नावावर पाहुणे येत होते तोच नाहीसा झाल्यावर त्यांची रीघही ओसरली. एका जनावराच्या आयुष्यावर अनेक घरांची चूल अवलंबून राहावी, ही स्थिती गावाला परवडणारी नसते.

मनावर होणारा परिणाम

पर्यटनाचा परिणाम खिशावर होतो तसा मनावरही होतो. जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ साली यजमान समाजाच्या मनोवृत्तीच्या चार अवस्था सांगितल्या. प्रथम पाहुणा आल्याचा आनंद. मग त्याची सवय होऊन केवळ व्यवहार उरणे. पुढे त्याचा त्रास वाटू लागणे. आणि अखेर उघड वैर. चौथी अवस्था कशी असते हे २०२४ च्या जुलै महिन्यात स्पेनमधील बार्सिलोना शहरात दिसले. घरभाडी परवडेनाशी झाली म्हणून तेथील रहिवाशांनी मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातील पिचकाऱ्यांनी पाणी उडविले. आपल्याकडील गावे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेत असतील. आपले गाव कोणत्या पायरीवर आहे, याची चर्चा वरच्या वर्गात अवश्य करावी.

मुलांच्या बाबतीत शिक्षकांनी विशेष जागरूक असावे. मोटार थांबली की धावत जाऊन चॉकलेट किंवा पैसे मागण्याची सवय कोठे लागत असेल, तर ती आरंभीच थांबविली पाहिजे. पाहुण्याने प्रेमाने खाऊ दिला तर त्यात वावगे नाही. परंतु मागण्यासाठी पसरलेला हात पुढे सहजासहजी मिटत नाही. मुलाला मारून ही सवय जात नाही. पाहुण्याला वाट सांगणे, गावच्या तलावाचे नाव व उपयोग सांगणे, पक्ष्याचे नाव झाडीबोलीत व प्रमाण मराठीत सांगणे, ही कामे मुलांना शिकवावीत. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, तो मागत नाही. त्याचप्रमाणे विचारल्याशिवाय घराचे, आंघोळीच्या घाटाचे किंवा माणसाचे छायाचित्र कोणी घेऊ लागल्यास ‘कृपया घेऊ नका’ असे नम्रपणे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे मुलींस व मुलांस सारखेच समजावे.

दंडारीचे उदाहरणही बोधप्रद आहे. मंडईत दंडार गावासाठी होते. प्रेक्षक व खेळ करणारे एकमेकांस ओळखतात व चुकल्यास हसतातही. तीच दंडार पाहुण्यांच्या अंगणात अर्ध्या तासात आटोपती करून दाखविल्यास कलावंतास चार पैसे मिळतात व कला टिकण्यास हातभारही लागतो. परंतु मंडईतील दंडार बंद पडून केवळ पाहुण्यांपुढची उरली, तर ती गावाची राहिली असे म्हणता येणार नाही. दोन्ही असाव्यात, मात्र पहिली आधी असावी.

विचारासाठी एक घटना

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव क्षेत्रात एक वाघीण व तिचे पाच बछडे वाटेने जात होते. पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी वाट अडविल्यामुळे ती माता पिलांसह मध्ये कोंडली गेली. त्या प्रसंगाची चलच्चित्रे सर्वत्र पसरली. चालक व मार्गदर्शक यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

ही घटना वर्गात सांगताना घाईने निवाडा देऊ नये. चालकाने नियम मोडला, ही चूक निःसंशय आहे. पोटासाठी केली म्हणून ती चूक नाहीशी होत नाही. परंतु त्या क्षणी त्याच्या पाठीशी बसलेला पाहुणा काय म्हणत असेल, जवळ नेल्यास मिळणारी बक्षिसी व न नेल्यास ऐकावे लागणारे बोल यांचे वजन किती असेल, हाही विचार व्हावा. पाहुणा दुसऱ्या दिवशी आपल्या शहरी परतला. चालकाला मात्र त्याच गावात राहावयाचे असते, त्याच फाटकावर पुन्हा उभे राहावयाचे असते, आणि वाघीण त्या वनातून निघून गेली तर तोटाही त्याचाच असतो. म्हणून ‘नाही, साहेब, यापुढे गाडी नेता येणार नाही’ असे म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी हवे. ते एकट्याला येत नाही. सर्व चालकांनी मिळून नियम पाळले, समितीने पाठीशी उभे राहिले, आणि एका पाहुण्याच्या नाराजीने रोजी जाणार नाही अशी खात्री असली, म्हणजे ते बळ येते.

वर्गात एखाद्या चालकाचा किंवा मार्गदर्शकाचा मुलगा असल्यास त्याला मान खाली घालावी लागेल असे एकही वाक्य उच्चारले जाऊ नये. तसेच ज्याच्या घरचे जनावर वा माणूस वाघाने नेले असेल, त्या मुलासमोर वाघाची स्तुती करताना शिक्षकाने तारतम्य राखावे.

उपाय : मर्यादा व मालकी

जेथे पर्यटन गावास हितकर झाले तेथे दोन गोष्टी दिसून येतात : पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा, आणि व्यवस्थेत गावाची मालकी.

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले. फुलांच्या हंगामात तेथे लोटणाऱ्या गर्दीमुळे फुलेच तुडविली जाऊ लागली. तेव्हा दिवसाला सुमारे ३,००० लोकांची मर्यादा ठरविण्यात आली. भोवतालच्या गावांच्या समित्या प्रवेश, वाहनतळ व स्वच्छता पाहू लागल्या. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे गावकऱ्यांच्या घरांतच वाचनाची दालने आहेत. पाहुणा घरात येतो तो पुस्तक वाचावयास, व घराच्या शिस्तीप्रमाणे बसतो. व्याघ्रप्रकल्पांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये मुख्य क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले होते. ऑक्टोबरमध्ये नियम घालून ते पुन्हा सुरू झाले, आणि मुख्य क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन नसावे असे ठरले. परदेशांतही हाच अनुभव आहे. इटलीतील व्हेनिस नगराने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांवर ५ युरोचे प्रवेशशुल्क बसविले. भूतानने तर पूर्वीपासूनच थोडे पाहुणे व अधिक शुल्क हे धोरण ठेवले आहे.

ही उदाहरणे जशीच्या तशी उचलावयाची नाहीत. कोक्याच्या किंवा पिटेझरीच्या फाटकाशी व्हेनिसचे नियम चालणार नाहीत. परंतु किती पाहुणे यावेत, कोठवर यावेत व त्यांच्यापासून आलेल्या पैशाचे काय व्हावे, हे ज्याच्या दारी ते येतात त्यास विचारले जावे, हे तत्त्व सर्वत्र सारखेच लागू आहे.

अध्यापनाची रूपरेषा

पहिली तासिका : मंडईतील पाहुणा व पर्यटक यांची तुलना फळ्यावर दोन रकान्यांत मांडावी. विद्यार्थ्यांनी घरच्या आठवणी सांगाव्यात. नंतर नकाशा भरून घ्यावा.

दुसरी तासिका : रुपयाचा प्रवास. गटागटांनी गणित सोडवावे.

तिसरी तासिका : गावातील भेटी. दोन-दोन विद्यार्थ्यांनी एका वृद्ध व्यक्तीस, एका दुकानदारास, एका मोह वेचणाऱ्या बाईस व एका मार्गदर्शकास भेटावे. ‘पूर्वी येथे कोण येत असे? आता कोण येते? त्यामुळे तुमचे काय बदलले?’ हे तीनच प्रश्न विचारावेत व उत्तरे बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावीत. बोली सुधारून लिहू नये.

चौथी तासिका : अभिरूप ग्रामसभा. विषय असा ठेवावा : बाहेरच्या एका गृहस्थाने तलावाच्या काठी पंचवीस खोल्यांचे निवासस्थान बांधण्यास गावाची संमती मागितली आहे. गुराखी, ढीवर, शेतकरी, चालक, बचतगटातील महिला, वनरक्षक व शाळेतील मुलगी अशा भूमिका वाटून द्याव्यात. जो विद्यार्थी घरी ज्या बाजूचा असेल त्याला शक्यतो दुसऱ्या बाजूची भूमिका द्यावी. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच ठराव पुरेसा मानू नये. कोणत्या अटींवर, हे लिहून घ्यावे. पाणी किती घ्यावे, कचरा कोणी न्यावा, नोकऱ्या कोणाला द्याव्यात, तलावाचा कोणता काठ गुरांना मोकळा राहावा, अशा अटी मुले आपण होऊन सुचवितात. शिक्षकाने मध्ये बोलू नये. केवळ लेखनिकाचे काम करावे.

स्वाध्याय

(१) तुमच्या घरी मागील मंडईत कोण पाहुणे आले होते? त्यांच्यासाठी काय केले ते दहा ओळींत लिहा.
(२) तुमच्या गावात आलेल्या पर्यटकास दाखविण्याजोग्या तीन गोष्टी व दाखवू नये असे वाटणारी एक गोष्ट लिहा. कारण द्या.
(३) पर्यटकांसाठी गावाच्या वेशीवर लावावयाच्या फलकाचा मजकूर पाच वाक्यांत तयार करा. त्यात ‘मनाई’ हा शब्द एकदाच येऊ द्या.
(४) मार्गदर्शकाला पाहुणा जादा पैसे देऊन नियम मोडण्यास सांगत आहे. दोघांचा संवाद लिहा.

शिक्षकांस अखेरची सूचना

फलकाचा मजकूर व अभिरूप ग्रामसभेचा ठराव वर्गाच्या भिंतीवर लावून तेथेच जीर्ण होऊ देऊ नये. त्यांच्या स्वच्छ प्रती सरपंचांकडे व शाळा व्यवस्थापन समितीकडे विद्यार्थ्यांच्या हस्ते द्याव्यात. ज्या मुलांनी आज ठराव लिहिला, त्यांच्यापैकीच कोणी दहा वर्षांनी जिप्सी चालवील, कोणी समितीचा सभासद होईल, कोणी आपल्या बांधीवर सही करावयाची की नाही या पेचात सापडेल. त्या वेळी त्यांस दोन गोष्टी आठवल्या तरी या पाठाचे काम झाले असे समजावे : आलेल्या माणसास पाणी विचारावे ही आपली रीत आहे, आणि घर कोणाचे आहे हे पाणी देताना विसरावयाचे नसते.